खिडकी का उघडत नाहीस?

नोव्हेंबरपासून दर रविवारी फोनवर आई एकच प्रश्न विचारते आहे. "अरे, पण खिडकी उघडत का नाहीस?"

प्रश्नाला कारण आहे. रिजायना (कॅनडा, सस्कॅचेवान प्रांत, चारी बाजूंना गव्हाची शेतं आणि वर भलंमोठं आकाश) इथे ऑनसाईट येऊन आम्हाला दुसरा हिवाळा. एका घराच्या तळमजल्यात, म्हणजे अर्धवट जमिनीखालच्या दोन खोल्यांत राहतो. बायको, मी आणि अकरा महिन्यांची लेक. ऑक्टोबरच्या शेवटी लेकीच्या कॉटमागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसायला लागले. पुसले, परत आले. मग तिला खोकला लागला, तो जाईना. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि म्हणाले, आधी घरातली ओल कमी करा.

आम्हाला वाटलं आपल्याच फोडणीचा हा प्रताप. शिवाय कुकरच्या शिट्ट्या, घरातच वाळत घातलेले लंगोट. महिनाभर बायकोनं भात करायचासुद्धा कमी केला. शेवटी घरमालकांना खाली बोलावून भिंत दाखवली. आता हे आपल्याला काय बोलणार, अशी धाकधूक होती. हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त इलेक्ट्रिशियन, आम्ही त्यांच्या मागे त्यांना 'आजोबा' म्हणतो. त्यांनी भिंतीला हात लावला, खिडकीच्या फटी पाहिल्या आणि म्हणाले, "चूक तुमची नाही, माझी आहे. मी या घराचं नाक दाबून ठेवलंय."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी खिडक्या बदलल्या, फटी बुजवल्या, जुनी भट्टी काढून नवी बसवली. बिल कमी झालं, पण घराचा श्वास बंद झाला. मग त्यांनी हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर (इथे सगळे नुसतं एचआरव्ही म्हणतात) बसवायचं ठरवलं आणि तीन शनिवार-रविवार मला मदतनीस म्हणून धरलं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन गेली सहा वर्षं जावा लिहिणाऱ्या माणसाला पत्र्याचे पाईप हातात धरायला मिळाले, म्हणजे डिग्रीचं सार्थक झालं म्हणायचं :-)

तर आजचा लेख त्या पाईपांचा, आणि त्यांच्यामागच्या इतिहासाचा. निम्मा इतिहास याच गावात घडलेला आहे, हे मला इथे दीड वर्ष राहूनही माहीत नव्हतं.

आईच्या प्रश्नाचं गणित

समजा एका घराला ताज्या हवेसाठी सेकंदाला ५० लिटर हवा लागते. बाहेर उणे ३०, आत २१. ही हवा ५१ अंशांनी तापवायला जवळजवळ ३ किलोवॅट लागतात, म्हणजे दोन मोठे हेअर ड्रायर दिवसरात्र चालू. हे झालं मोजूनमापून घेतलेल्या हवेचं. उघड्या खिडकीला माप नसतं. वारा असेल तर दसपट हवा येईल, नसेल तर जेमतेम, आणि लेक कुडकुडेल ते वेगळंच.

आता खिडकी बंदच ठेवली तर? २१ अंशांच्या हवेत घनमीटरला साधारण १८ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. उणे ३० च्या हवेत अर्धा ग्रॅमसुद्धा मावत नाही. घरातली दमट हवा कपाटामागच्या थंड कोपऱ्याला टेकली की पाणी सोडते. आत ५० टक्के आर्द्रता असेल तर भिंत १० अंशांच्या खाली गेली की पुरे, तिथे दव धरतं आणि मागोमाग बुरशी येते. म्हणजे उघडली तर थंडी, मिटली तर ओल.

यावर जगाचं जुनं उत्तर होतं ते म्हणजे गळकी घरं. आमच्या साताऱ्याकडच्या आजोळच्या घरात चुलीचा धूर कौलांमधून आपसूक बाहेर पडायचा, तसंच थोडंफार इथेही होतं. भट्टीला धुराडं असायचं आणि ते तापलं की दिवसरात्र घरातली हवा ओढून वर सोडायचं. त्या जागी बाहेरची हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून आत यायची. फुकटचं व्हेंटिलेशन! इंधन स्वस्त होतं तोवर कोणाची तक्रार नव्हती.

आत किती ताजी हवा हवी, याचा हिशोब मात्र त्याआधी शंभरेक वर्षं मांडला गेला होता. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर या रसायनशास्त्रज्ञानं १८५८ साली घरातल्या हवेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसं श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून तोच खोलीतल्या कोंदटपणाचं माप धरावा, आणि तो हजार भागांत एक भागापेक्षा जास्त नसावा. आजच्या भाषेत १००० पीपीएम. आजही बहुतेक जण त्याच आकड्याच्या आसपास घोटाळतात. बाहेरच्या हवेत सध्या सव्वाचारशेच्या आसपास असतो. आमच्या खोलीत आजोबांच्या मीटरनं सकाळी सहाला २३०० दाखवले.

१९७७, रिजायना

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. थंड देशांत एकदम सगळ्यांना आपल्या घरांच्या फटी दिसायला लागल्या. डेन्मार्कमध्ये तांत्रिक विद्यापीठानं लिंगबी इथे 'शून्य ऊर्जा घर' बांधलं, जर्मनीत आखेनला फिलिप्सनं प्रायोगिक घर उभं केलं. दोन्हीकडे बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवायची कल्पना होती.

सस्कॅचेवान सरकारनं आपल्या संशोधकांना सांगितलं, आपल्या हवेला साजेसं सोलर घर बांधा. मंडळी कामाला लागली. राष्ट्रीय संशोधन परिषदेचे हॅरोल्ड ऑर, सस्कॅचेवान विद्यापीठाचे रॉबर्ट बेझंट, त्यांच्याबरोबर रॉब ड्यूमाँट, प्रांताच्या संशोधन संस्थेचे डेव्हिड आयर, आणि वास्तुरचनाकार हेन्ड्रिक ग्रोल. त्यांनी हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की डिसेंबरात इथे दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य क्षितिजाला चिकटलेला, आणि नेमकी तेव्हाच उष्णता सगळ्यात जास्त लागते. मग त्यांनी प्रश्नच फिरवला. उष्णता कुठून आणायची हे नंतर बघू, आधी ती जाते कुठे ते थांबवू. (रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचून क्लायंटला असं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.)

१९७७ मध्ये 'सस्कॅचेवान कन्झर्व्हेशन हाऊस' उभं राहिलं. नेहमीच्या घरात भिंतीमध्ये साडेतीन इंच इन्सुलेशन असायचं, इथे भिंतच सुमारे १२ इंचांची. आतून सलग पॉलिथिनचा पडदा, प्रत्येक सांधा बंद. पंख्यानं ५० पास्कलचा दाब देऊन गळती मोजली तर तासाला घराच्या घनफळाच्या ०.८ पट हवा. त्या काळात हा आकडा अविश्वसनीय होता. घरात भट्टीच नव्हती. कडाक्याच्या थंडीतही सगळ्या घराला साधारण ३ किलोवॅट पुरत. वर केलेलं आईचं गणित आठवा: नुसती ताजी हवा तापवायला तेवढेच लागले असते. म्हणजे भिंतींवर केलेली सगळी मेहनत हवेनं एका फटक्यात वाया घालवली असती.

म्हणून या घरात हवेची अदलाबदल करणारी एक पेटी बसवली. तत्त्व शाळकरी आहे. पातळ प्लास्टिकचे कागद एकमेकांपासून थोड्या अंतरावर रचायचे. एक सोडून एका फटीतून आतली गरम, शिळी हवा बाहेर जाते, मधल्या फटींतून बाहेरची थंड, ताजी हवा आत येते. दोघी एकमेकींत मिसळत नाहीत, पण उष्णता कागदातून पलीकडे जाते. दिशा उलटसुलट असल्या तर फायदा सर्वात जास्त. बदकाच्या पायांत शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या नळ्या अशाच शेजारी शेजारी उलट्या वाहतात, म्हणून ते बर्फावर उभं राहूनही गारठत नाही. बेझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पेटी प्लायवूड आणि पॉलिथिनच्या कागदांतून बनवली आणि विद्यापीठानं तिचे आराखडे घरच्या घरी बनवता येतील असे छापून वाटले. ओपन सोर्सच की! त्या कामातले एक जण, डिक व्हॅन ई, यांचं आडनाव आज कॅनडात अशा मशिनांचा एक ब्रँड म्हणून ओळखलं जातं.

घर लोकांना बघायला खुलं होतं. आमचे आजोबा तेव्हा चोविसाचे, शिकाऊ इलेक्ट्रिशियन. रांगेत उभं राहून बघून आले होते. त्यांना भिंतीची जाडी आठवते आणि छतावरच्या सोलर नळ्या आठवतात. नळ्या महाग होत्या, त्यांची कटकट फार झाली आणि पुढे त्या काढून टाकल्या. जाड भिंती, बंद फटी आणि हवेची पेटी हे तीन मात्र जगभर गेले.

कॅनडात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आर-२००० नावाचं मानक आलं. घर घट्ट बांधा, ५० पास्कलला १.५ पट गळतीच्या आत ठेवा, आणि यंत्रानं ताजी हवा द्या. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि सामान्य गिऱ्हाइकाचा रस ओसरला. पण १९८८ मध्ये स्वीडनच्या लुंड इथे बो अॅडमसन आणि वोल्फगांग फाइस्ट यांनी बसून पुढची आखणी केली, आणि जर्मनीत डार्मस्टाटच्या क्रानिकश्टाइन भागात चार जोडघरं उभी राहिली. १९९१ मध्ये कुटुंबं राहायला आली. तेच पहिलं पॅसिव्हहाऊस. २०१५ साली याच पॅसिव्हहाऊसवाल्यांनी रिजायनाच्या घराला पायोनियर पुरस्कार दिला. ते घर माझ्या ऑफिसच्याच गावात आहे, आणि माझ्या टीममधल्या एकालाही ते माहीत नाही.

पेटी सोपी, पाईप अवघड

पेटीची गोष्ट इथे संपते. मला वाटलं होतं कामही तिथेच संपेल. पेटी विकत आणा, भट्टीच्या खोलीत छताला रबरी पट्ट्यांनी टांगा (थरथर घरभर जाऊ नये म्हणून), प्लग लावा, झालं. पेटी टांगायला चाळीस मिनिटं लागली. उरलेले साडेपाच दिवस पाईपांना.

पाईपांना जागा लागते आणि जागा कोणी देत नाही, हे भांडण फार जुनं आहे. १८३६ मध्ये डेव्हिड बॉसवेल रीड नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं लंडनच्या पार्लमेंटच्या तात्पुरत्या सभागृहात जमिनीला हजारो बारीक भोकं पाडून खालून हवा सोडली. मग नव्या वेस्टमिन्स्टर राजवाड्याचं काम त्याला मिळालं. वास्तुविशारद होते चार्ल्स बॅरी. रीडला हवेच्या वाटांसाठी जागा हवी, बॅरींना दालनं हवीत. वर्षानुवर्षं भांडून शेवटी १८५२ मध्ये रीडला काढलं. आज राजवाड्याच्या मधोमध जो अष्टकोनी मनोरा दिसतो, तो मुळात रीडच्या हवेसाठी बांधलेलं धुराडं होता!

आमच्याकडे रीड म्हणजे आजोबा आणि बॅरी म्हणजे माझी बायको. भांडण झालं ते तिच्या कपाटाच्या दहा इंचांवरून.

एचआरव्हीला चार तोंडं असतात. बाहेरून ताजी हवा आत, शिळी हवा बाहेर, ताजी हवा खोल्यांकडे, शिळी हवा खोल्यांकडून. बाहेरच्या भिंतीला दोन भोकं पाडली, एकमेकांपासून सहा फुटांपेक्षा जास्त अंतरावर, नाहीतर आपणच सोडलेली हवा आपण परत ओढणार. जमिनीपासून दीड फूट तरी वर हवीत, कारण इथे बर्फ साचतो. आम्ही तीन फुटांवर घेतली.

भिंतीपासून पेटीपर्यंतचे दोन पाईप थंड असतात. त्यांना इन्सुलेशन आणि त्यावर प्लास्टिकची बाही. ही बाही दोन्ही टोकांना हवाबंद हवी. एका टोकाला पट्टी नीट बसवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते 'झालं' म्हणून टिकमार्क केलं. आजोबांनी दोन तास मशीन चालवून पाहिलं आणि रात्री खाली जमिनीवर थारोळं. घरातली दमट हवा फटीतून आत शिरून थंड पत्र्यावर पाणी होत होती. म्हणजे ओल घालवायला आणलेल्या यंत्रानं पहिल्याच दिवशी ओल केली. इन्सुलेशन काढून वाळवलं, पुन्हा बसवलं. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या वेळी स्वतः टॉर्च घेऊन बघून गेले.

आतल्या पाईपांचा नियम असा: ताजी हवा झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांत सोडायची, शिळी हवा बाथरूम आणि स्वयंपाकघरातून ओढायची. मधली वाट दारांखालच्या फटीतून. शिळी हवा ओढणारं तोंड शेगडीच्या वर घ्यायचं नाही, कारण तेलकट वाफ पेटीत जाऊन कागद बरबटतात. तेव्हा फोडणीसाठी वेगळा पंखा लागतोच.

मुख्य पाईप सहा इंची, फाटे पाच इंची. मी दुकानात स्वस्तातला चार इंची लवचीक पाईप बघून ठेवला होता. वळवायला सोपा, सांधे कमी. आजोबांनी मान हलवली. घरी येऊन जुनं फ्लुइड मेकॅनिक्स आठवलं. तेवढीच हवा लहान पाईपातून न्यायची तर दाबाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घातानं वाढतो. सहाऐवजी पाच इंच घेतला तर अडीच पट, चार इंच घेतला तर साडेसात पट. लवचीक पाईप नीट ताणला नाही तर त्याच्या सुरकुत्या आणखी भर घालतात. पंखा मग जोर लावतो, आवाज करतो, आणि आवाज झाला की माणूस काय करतो? बटण बंद करतो. म्हणून शक्य तिथे सरळ, गुळगुळीत पत्र्याचा पाईप. छताच्या तुळयांना खाचा पाडायला आजोबांची सक्त मनाई, कारण वरचं घर त्यांच्यावर उभं आहे. म्हणून वर जाणारा पाईप कपाटाच्या कोपऱ्यातूनच न्यावा लागला. दहा इंच गेले ते असे.

सांध्यांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. अमेरिकेत ज्याला डक्ट टेप म्हणतात ती कापडी पट्टी डक्टवर टिकत नाही! बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि आयन वॉकर यांनी १९९८ मध्ये निरनिराळ्या पट्ट्या गरम-थंड करून पाहिल्या, तेव्हा तीच सगळ्यात आधी हरली.

प्रॉडक्शनमधला बग

एवढा काटेकोरपणा कशाला, असं मलाही दुसऱ्या रविवारी वाटलं. तेव्हा नेदरलँड्सची गोष्ट वाचली. अॅमर्सफोर्ट शहरालगत व्हाटहोर्स्ट नावाची नवी वसाहत. घट्ट घरं, सगळीकडे उष्णता वाचवणारं व्हेंटिलेशन. २००७-०८ च्या सुमारास रहिवासी तक्रारी घेऊन आरोग्य खात्याकडे गेले. डोकेदुखी, थकवा, श्वासाचा त्रास, आणि झोपू न देणारा आवाज. तपासात निघालं काय? हवा कमी पडत होती, पाईपांत बांधकामाची धूळ तशीच होती, फिल्टर घाण होते, कुठे बाहेर सोडलेली हवा परत आत येत होती. पुढे देशभरातल्या सुमारे ३०० घरांची पाहणी झाली, त्यातही अशाच उणिवा सापडल्या. तत्त्व बरोबर होतं. पाईप जोडणाऱ्यानं आणि नंतर कोणी न मोजणाऱ्यानं घात केला. स्वीडननं १९९१ मध्येच इमारतींच्या व्हेंटिलेशनची ठरावीक काळानं तपासणी कायद्यानं सक्तीची केली होती, त्यामागचं शहाणपण तेव्हा कळलं.

हे वाचल्यावर मी सोमवारी रात्री खाली जाऊन सगळे सांधे पुन्हा बघितले. पाईपाच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी झोपते.

तिसऱ्या रविवारी मोजमाप. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी हवी. आत जास्त आली तर दमट हवा भिंतींच्या फटींत ढकलली जाते, बाहेर जास्त गेली तर घर कुठून तरी थंड हवा ओढतं. पाईपातल्या झडपा इंच-इंच फिरवत, आजोबा आकडे वाचणार, मी फिरवणार, असं दोन तास चाललं. बाहेर उणे २८ होतं, आत २१. पेटीतून खोल्यांकडे निघालेली हवा १० अंश. म्हणजे ४९ पैकी ३८ अंश शिळ्या हवेनं जाता जाता परत दिले होते, ७८ टक्के. मी तोंडी हिशोब केला म्हणून आजोबांनी पाठीवर थाप मारली.

आज तीन आठवडे झाले. सकाळी सहाला मीटर ९०० च्या आसपास असतो. आर्द्रता ५८ वरून ३८ टक्क्यांवर आली. भिंत धुऊन रंगवली आहे, ठिपके परत येतात का ते मार्चपर्यंत कळेल. खोकला कमी आहे. तो हवेमुळे की औषधामुळे, मला सांगता येणार नाही, आणि तो प्रयोग उलटा करून बघायची इच्छाही नाही. भात पुन्हा सुरू झालाय. फिल्टर दर तीन महिन्यांनी धुवायचे, त्याचं रिमाइंडर आजोबांच्या आणि माझ्या, दोघांच्या फोनमध्ये लावलंय.

काल आईला हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. रीड, बेझंट, बदकाचे पाय, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "शेवटी खिडकीच उघडलीस ना?"

हो गं आई.